‘राहू दे’चा शिक्का

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि टापटीप हातात पाना घेऊन त्याच्यासमोर उभा होता. वायसर कुठल्या मापाचा लागेल, याचा तो विचार करत होता. तेवढ्यात बायको कामावरून आली, तिने पर्स ओट्यावर ठेवली, नळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे."

टापटीपने पाना जागेवर ठेवला. पान्याची जागा ठरलेली होती आणि तिच्यावर ‘पाना’ अशी चिठ्ठीही होती. मग त्याने लॅपटॉप उघडला, ‘स्वयंपाकघरातला नळ’ या नोंदीला ‘राहू दे’ असं लेबल लावलं आणि एक काम हातावेगळं झाल्याच्या समाधानात हात धुतले. नळ त्यानंतरही ठिबकत होता, पण आता तो लेबल लागलेला नळ होता.

टापटीप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसात पडलं होतं, आणि ती शिवी आहे की कौतुक, याच्या खोलात तो कधी शिरला नाही. ऑफिस दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. पेशंटची वेळ ठरवणं, आठवणीचा मेसेज पाठवणं, बिल काढणं. प्रत्येक कामाचा कोड वेगळ्या रेपोत, म्हणजे वेगळ्या कपाटात असे, आणि प्रत्येक कपाटाच्या दाराशी त्या कामाबद्दलच्या तक्रारींची रांग. तक्रार आली की तिला लेबल लावायचं, म्हणजे तिचं काय करायचं ते सगळ्यांना कळतं. ही पद्धत टापटीपला इतकी आवडली की त्याने घरासाठीही एक रेपो काढला. त्याचं नाव ‘घर’. त्यात कोड नव्हता, नुसत्या तक्रारी होत्या. बायको काही म्हणाली की तो नोंद करी, आणि नोंदीत फरक पडला की तिच्या फोनवर आपोआप मेसेज जाई. तिने त्यातल्या एकाही मेसेजला आजवर उत्तर दिलं नव्हतं. याचा अर्थ व्यवस्था सुरळीत चालली आहे, असा टापटीपने घेतला होता.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यासमोर एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "अशी बरी, की अशी?" गिऱ्हाईक डोळे बारीक करून म्हणायचं, "परत एकदा दाखवा." ती परत दाखवायची. दिवसभर लोकांना दोहोंतलं एक निवडायला लावून ती घरी यायची, तेव्हा तिला स्वतःला कशातलंच काही निवडायची ताकद उरलेली नसे. चहा की कॉफी? राहू दे. पडदा निळा की पांढरा? राहू दे. टापटीपने त्या शब्दाचा अर्थ एकदाच लावून टाकला होता. राहू दे म्हणजे नको.

‘समुद्रकाठी आठ दिवस’ ही नोंदही अशीच राहू दे झाली होती. पहिल्यांदा ऐन वेळी ऑफिसात काम निघालं. दुसऱ्यांदाही निघालं, तेव्हा बायको म्हणाली, "राहू दे," आणि टापटीपने तत्परतेने लेबल लावून खोलीचं बुकिंग रद्द केलं. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. का, ते त्याला उमगलं नाही, पण कुठेतरी काहीतरी चुकलं, एवढं उमगलं. म्हणून या खेपेला त्याने आपण होऊन पुन्हा खोली घेतली, शनिवारी सकाळच्या गाडीची तिकिटं काढली आणि रजेचा अर्ज टाकला. नोंदीवरचं जुनं लेबल काढायचं तेवढं राहून गेलं. बायकोने बॅग भरायला घेतली. त्याची पोहायची चड्डी तिने कपाटाच्या तळातून शोधून काढली, आणि शोधताना ती काहीतरी गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं त्याने कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

"हे तिसऱ्यांदा आहे," बॅगेची चेन ओढत ती म्हणाली. "या वेळी काही झालं तर मी काही बोलणार नाही."

टापटीपला हे ऐकून हायसं वाटलं.

रजा मंजूर करणं मॅडमच्या हातात होतं. मॅडम त्याच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि शब्द मोजून वापरत.

"जा," त्या म्हणाल्या. "पण जायच्या आधी लेबलांचा हा उकिरडा साफ करून जा."

उकिरडाच होता तो. एकाच गोष्टीला एका रेपोत ‘अर्जंट’ म्हणत, दुसऱ्यात ‘अर्जेंट’, तिसऱ्यात ‘तातडीचं’, आणि बिलांच्या रेपोत ‘कालच हवं होतं’. न करायच्या कामांचीही तीच तऱ्हा. कोणी ‘नको’ लिहिलेलं, कोणी ‘पुढच्या वर्षी’, कोणी ‘डोकं शांत असताना’, आणि बऱ्याच ठिकाणी ‘राहू दे’.

हे सगळं माउसने एकेक टिचकी मारत बदलायचं तर रजा पुढच्या जन्मी मिळाली असती. टापटीपने एक कमांड लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘शिक्का’. तिला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. कुठलं जुनं लेबल कुठल्या नव्या लेबलात जाणार ते एका फाइलीत सांगून ठेवायचं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की शिक्का एकेका रेपोत शिरणार, जुनी लेबलं खरवडून काढणार आणि नवी चिकटवणार. न करायची सगळी लेबलं त्याने ‘बंद’ या एकाच लेबलात घातली. लेबल लागताच तक्रारही बंद व्हावी आणि तक्रार करणाऱ्याला तसं कळावं, ही सोयही जाता जाता करून टाकली. कळवायचा मजकूर ऑफिसात तयारच होता, खुद्द मालकांनी लिहिलेला: ‘आपल्या विनंतीनुसार आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपले दात सदैव चमकत राहोत.’

टापटीप उतावळा नव्हता. गुरुवारी दुपारी त्याने आधी ‘शिक्का नुसतं-दाखव सगळे’ असं टाइप केलं, म्हणजे काय काय होणार आहे ते शिक्का काही न करता दाखवणार. ओळी भराभरा वर सरकत गेल्या. त्या वाचणं माणसाच्या डोळ्यांना शक्य नव्हतं. शेवटची ओळ मात्र थांबली, आणि ती होती ‘अडचण नाही’. टापटीपने ती दोनदा वाचली. मग त्याने ‘शिक्का मार सगळे’ असं टाइप करून एंटर दाबलं.

सगळे म्हणजे आपल्याला परवानगी असलेले सगळे रेपो, हे त्यानेच लिहून ठेवलं होतं. ‘घर’ची परवानगी आपल्याचकडे आहे, हे मात्र त्या वेळी त्याच्या ध्यानात नव्हतं.

ऑफिसच्या भिंतीवर एक स्क्रीन होता आणि त्यावर शिल्लक तक्रारींचा आकडा लाल अक्षरांत दिसे. तो आकडा सगळ्यांच्या देखत गडगडत खाली आला. मालक केबिनमधून बाहेर आले, त्यांनी स्क्रीनवर टकटक करून पाहिलं.

"हे बिघडलंय का?"

"नाही सर, साफ केलंय," टापटीप म्हणाला.

मालकांना गहिवरून आलं. त्यांनी केक मागवला, आणि केक येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून गावोगावच्या सगळ्या दंतवैद्यांना पत्र पाठवलं, की आमच्याकडे आता सांगण्यासारखी एकही तक्रार उरलेली नाही.

त्याच सुमारास चष्म्याच्या दुकानात बायकोचा फोन वाजला. तिने एका हातातली काच खाली ठेवून तो पाहिला. ‘समुद्रकाठी आठ दिवस: आपल्या विनंतीनुसार आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ पुढचं दातांचं तिने वाचलं नाही. खुर्चीतला माणूस म्हणाला, "परत एकदा दाखवा." तिने परत दाखवली.

संध्याकाळी ती काही बोलली नाही. बोलणार नाही असं तिने सांगितलंच होतं. टापटीपने केकचा तुकडा डब्यातून आणला होता, तो दोघांनी खाल्ला. घरात कमालीची शांतता होती आणि टापटीपला ती फार आवडली.

शुक्रवारी सकाळी तो खुर्चीत बसतो न बसतो तोच पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. ती चाचणीवाली होती. कोड बाहेर जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि ते ती खुर्च्यांच्या मागे उभी राहून करत असे.

"माझे राहू दे कुठे गेले?"

"बंद केले."

"का?"

"तूच राहू दे लिहिलं होतंस म्हणून."

"अरे, तुम्ही लोक काही दुरुस्त न करता माझ्या तक्रारी बंद करून टाकता, म्हणून लिहिते मी राहू दे. म्हणजे असू दे. आहे तिथे राहू दे. हात लावायचा नाही."

"राहू दे म्हणजे नको," टापटीप म्हणाला.

"कोणाच्या घरी?"

आमच्या घरी, हे खरं उत्तर होतं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून फोनवाल्याने मान वळवली. दवाखान्यांचे फोन घेणं आणि शिव्या वगळून उरलेलं लिहून ठेवणं हे त्याचं काम.

"एक मिनिट. माझे पण गेले का?"

"तू पण राहू दे लिहितोस?"

"मी नाही लिहीत, गिऱ्हाईक म्हणतं. ‘राहू दे हो, तुमच्याच्याने काही व्हायचं नाही,’ असं म्हणून फोन आपटतात ना, ते. त्यांना सगळ्यात आधी उलटा फोन करायचा असतो." बोलता बोलता तो थांबला. "म्हणजे त्यांना काल आपण, आपल्या विनंतीनुसार?"

"हो."

"दात चमकत राहोत पण?"

"ते पण."

फोनवाल्याने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून बारीक आवाजात कोणीतरी ओरडत होतं.

ओरडणाऱ्या बाई शहरभर दवाखाने असलेल्या डॉक्टर होत्या आणि ऑफिसचं निम्मं पोट त्यांच्यावर चाले. ‘उद्या सकाळी आपला दात काढायचा आहे’ हा मेसेज पेशंटला दात काढून झाल्यावर जातो, अशी त्यांची तक्रार होती. "पेशंट घाबरून फोन करतात," त्या फोनवाल्याला सांगत होत्या. "विचारतात, अजून एक? आणि तुम्ही म्हणता, माझ्या विनंतीनुसार बंद? मी कधी केली विनंती?" वर त्यांना मालकांचं पत्रही मिळालं होतं. ते त्यांनी फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं.

बातमी मॅडमपर्यंत पोचली. त्यांनी टापटीपला बोलावून एकच प्रश्न विचारला.

"उलट करता येतं का?"

"येतं, मॅडम. पण त्यात काय आहे, की—"

"मग कर."

ते ‘की’च्या पुढचं महत्त्वाचं होतं. जुनी लेबलं खरवडली गेल्यामुळे कुठली तक्रार काल बंद झाली आणि कुठली फार पूर्वीच निकालात निघाली होती, हे शिक्क्याला आता सांगता येत नव्हतं. त्याला एकच लेबल दिसत होतं, ‘बंद’. टापटीपने ‘शिक्का उलट सगळे’ टाइप केलं, या वेळी डोळे मिटून एंटर दाबलं, आणि ऑफिस सुरू झाल्यापासून ज्या ज्या कामाला कोणी ना कोणी नको म्हटलं होतं, ती सगळी कामं एकदम जिवंत झाली. गावोगाव मेसेज गेले: ‘आपली तक्रार पुन्हा उघडण्यात आली आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल. आपले दात सदैव चमकत राहोत.’ भिंतीवरच्या आकड्याची शेपटी चौकटीबाहेर गेली. मालक बाहेर आले, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, आणि उरलेला केक उचलून केबिनमध्ये घेऊन गेले.

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. सगळे फोन एकदम वाजायला लागले. ज्यांनी ऑफिसशी संबंध तोडले होते त्यांचेही आले, आणि एक निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा आला.

"अक्षरं बारीक दिसतात अशी तक्रार मी केली होती खरी," ते म्हणाले. "मग मी मोतीबिंदू काढून घेतला. आता दिसतात. दवाखाना पण मुलगी चालवते. पण तुम्ही लक्षात ठेवलंत, बरं वाटलं."

फोनवाल्याने ती तक्रार आपल्या हाताने बंद केली. त्या दोन दिवसांत खरोखर मिटलेली ती पहिलीच.

बाकीच्यांना एकच उपाय होता. एकेक तक्रार उघडायची, ती ज्याने लिहिली त्याला गाठायचं, आणि राहू दे म्हणजे तुझं नक्की म्हणणं काय, ते विचारायचं. आठवडाभराचं काम. ते कोणाच्या गळ्यात पडायला हवं, हे टापटीपला कोणी सांगायची गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण त्यानेच केलं होतं. तो बराच वेळ पाण्याच्या यंत्रापाशी उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते रजेचं नव्हतं. ती चड्डी शोधताना बायको गुणगुणत होती, ते त्याला राहून राहून आठवत होतं.

शेवटी तो मॅडमच्या दारात गेला.

"मॅडम, माझी रजा…" त्याला तो शब्द नको होता, पण दुसरा सुचेना. "राहू दे."

मॅडमनी मान वर केली. सकाळपासून हा शब्द त्यांच्या कानांवर किती तऱ्हांनी पडला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"राहू दे ना," त्या म्हणाल्या. "कोण काढून घेतंय?"

"नाही, म्हणजे हे सगळं निस्तरायला कोणीतरी—"

"निस्तरायला चाचणीवाली आणि फोनवाला आहेत. एकेक तक्रार हाताने बघणार आहेत. तू इथे बसलास तर आणखी एक कमांड लिहिशील." त्यांनी मान पुन्हा खाली घातली. "लॅपटॉप माझ्याकडे देऊन जा. आणि दार ओढून घे."

मॅडमना तो शब्द उलटा ऐकू आला, की त्यांनी तो मुद्दाम उलटा घेतला, हे कळायला काही मार्ग नव्हता. टापटीपने दार ओढून घेतलं, जिन्यातच उभं राहून फोन काढला आणि बायकोला मेसेज केला: ‘रजा राहिली.’ दोनच शब्द, पण त्यांत सगळं आलं, असं त्याला वाटलं.

घरी आला तेव्हा बॅग कपाटावर होती. चपटी, घडी घातलेली, नेहमी असते तशी. बायको टेबलाशी फोन घेऊन बसली होती.

"बॅग?" त्याने विचारलं.

"कालच रिकामी केली."

"का?"

तिने फोन डोळ्यासमोर धरला आणि दुकानात तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते तसं सावकाश वाचलं. "‘समुद्रकाठी आठ दिवस. आपल्या विनंतीनुसार बंद करण्यात आली आहे.’ हे काल. मी काही बोलणार नव्हते, म्हणून बोलले नाही. ‘समुद्रकाठी आठ दिवस. पुन्हा उघडण्यात आली आहे.’ हे आज दुपारी. म्हटलं, बघू. ‘रजा राहिली.’ हे आत्ता. म्हटलं, झालं."

"अगं, राहिली म्हणजे राहिली. म्हणजे आहे. मिळाली. कोणी काढून नाही घेतली."

"मला वाटलं, घ्यायची राहिली."

टापटीप खुर्चीवर बसला. दिवसभर त्याने एका शब्दाचे नाना अर्थ ऐकले होते, आणि शेवटी स्वतःच त्यात भर घातली होती.

"बाकीचे पण आलेत," बायको म्हणाली. ती आता ओठ चावत होती. "‘स्वयंपाकघरातला नळ पुन्हा उघडण्यात आला आहे.’ ‘पडदा पुन्हा उघडण्यात आला आहे.’ ‘घोरणं पुन्हा उघडण्यात आलं आहे.’ प्रतिनिधी कधी येणार?"

"हे सगळं तुला हवं होतं?"

"सगळं नाही. घोरणं नको होतं."

"मग राहू दे का म्हणायचीस?"

"दमलेली असायचे म्हणून." तिने फोन उपडा ठेवला. "त्या दिवशी तू पाना ठेवून दिलास. मला वाटलं होतं, जेवण झाल्यावर करशील."

नळ ठिबकत होता. टापटीपला त्याच्याकडे बघवेना. तो उठला, कपाटावरची बॅग काढली, पलंगावर उघडली आणि कपाटातून कपडे काढून एकेक आत ठेवायला लागला.

"राहू दे, मी भरते," बायको मागून म्हणाली.

सवयीने त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. ती पलंगाच्या कडेला बसून बघत राहिली. चड्डी गेली, मोजे गेले, तिची फुलाफुलांची ओढणी गेली. मग त्याने तिचा निळा स्वेटर उचलला.

"तो राहू दे," ती म्हणाली.

डाव्या हाताला कपाट होतं, उजव्या हाताला बॅग होती, आणि स्वेटर मध्ये होता. समुद्रकाठी संध्याकाळी वारा असतो, नसतोही. मग त्याने स्वेटर बॅगेवर धरला.

"असा बरा," तो म्हणाला, आणि स्वेटर कपाटाजवळ नेला, "की असा?"

इतकी वर्षं हा प्रश्न बायकोने लोकांना विचारला होता. तिला कोणी तो असा, काच बदलून थांबावं तसं थांबून विचारला नव्हता. ती थोडी पुढे सरकून बसली आणि तिने डोळे बारीक केले.

"परत एकदा दाखव," ती म्हणाली.